उपवनला गाडीची काच फोडली, आईच्या कागदांची फाईल गेली. आधी काय करू?

पारिजात_ठाणे | रविवार, रात्री १०:२०

हात अजून थरथरताहेत. विस्कळीत लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

बाबांना जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून आई घराबाहेर पडलीच नव्हती. आज पाऊस जरा उघडला तर तीच म्हणाली, उपवनला जाऊन कणीस खाऊया का. तळ्याच्या कडेला गाडी लावली आणि वीस-पंचवीस मिनिटं बसलो. परत आलो तर डावीकडची मागची काच नाही. सगळ्या सीटवर तुरटीच्या खड्यांसारखे काचेचे दाणे. पिशवी गेली, पिशवीतली बाबांची निळी फाईल गेली.

उद्या सोसायटीच्या ऑफिसात घर आईच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा होता, म्हणून फाईल गाडीत होती. त्यात आईचं मूळ आधार आणि पॅन, बाबांच्या आधारची झेरॉक्स, त्यांच्या मृत्यू दाखल्याच्या तीन प्रती, घराचं मूळ ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, आईचं पासबुक आणि चेकबुक. आणि हे लिहितानाही पोटात गोळा येतोय, त्यातल्या दोन कोऱ्या चेकवर आईच्या सह्या आहेत. मेन्टेनन्ससाठी करून ठेवल्या होत्या.

पोलीस ठाण्यात गेलो. 'कागदपत्रं गहाळ' असा दाखला लगेच देतो, चोरीची तक्रार केलीत तर वेळ जाईल, असं तिथे सांगितलं. आई दमली होती, म्हणून उद्या येते म्हणून घरी आलो.

काचेचं होईल काहीतरी. आईच्या नावावर उद्या कुणी कर्ज काढलं, सिम घेतलं तर काय करायचं? आज रात्री घरात बसून काय काय बंद करता येईल?

चकली | १०:२६

आईंना काही लागलं नाही ना? त्या सीटवर बसवू नका हं. दाणे शिवणीत अडकून राहतात आणि नंतर टोचतात. व्हॅक्यूम मारल्याशिवाय हात फिरवू नका.

कोपरखैरणेकर | १०:३१

सगळ्यात आधी चेक. बाकीचं सकाळी केलं तरी चालेल, पण ते दोन चेक सकाळी दहाला कुणी बँकेत टाकले तर पंचाईत. बँकेचं ॲप असेल तर त्यात 'स्टॉप पेमेंट' असतं. नसेल तर बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा. चेकचे नंबर आठवत नसतील तर स्टेटमेंटमध्ये शेवटचा वटलेला चेक बघा आणि त्यापुढचे सगळे थांबवा, पूर्ण चेकबुक. सकाळी शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्यावर शिक्का मारून पोच घ्या.

पारिजात_ठाणे | १०:५२

केलं. आईच्या फोनवर ॲप नाही, पण बँकेच्या जुन्या एसएमएसमध्ये खात्याचे शेवटचे आकडे होते. फोनवरच्या मुलीनं जन्मतारीख वगैरे विचारून चेकबुक थांबवलं. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवलाय. खूप धन्यवाद, कोपरखैरणेकर.

यंत्रकार | १०:५८

आता आईंचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आजच. कारण सांगतो, लोक इथेच गाफील राहतात.

महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या ॲग्रीमेंटमध्ये शेवटच्या पानांवर फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात. तुमच्या फाईलमध्ये ॲग्रीमेंटही होतं आणि आधारही. आधारवरून पैसे काढायच्या सोयीत आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी नाही, कार्ड नाही. नोंदणीच्या कागदांवरच्या ठशांवरून नकली अंगठे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. ॲग्रीमेंट आईबाबांच्या जोड नावावर असेल तर आईंचा ठसा त्यात आहेच.

मायआधार पोर्टलवर किंवा आधारच्या ॲपवर आधार क्रमांक टाकून ओटीपीनं लॉक होतं, फुकट आहे. त्याच ठिकाणी 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' दिसते. मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते तारखेसकट कळतं. तिचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, म्हणजे उद्या नवीन काही दिसलं तर फरक दाखवता येईल. अडलं तर आधारच्या हेल्पलाईनला, १९४७ वर फोन.

पारिजात_ठाणे | ११:१५

अडलं. आईचं आधार बाबांच्या मोबाईल नंबराला जोडलेलं आहे.

यंत्रकार | ११:१७

तो नंबर चालू आहे का?

पारिजात_ठाणे | ११:३१

चालू आहे. आईनं बंद करू दिला नव्हता. दर महिन्याला मला सांगून त्यात रिचार्ज टाकते आणि फोन देवघराच्या खालच्या खणात चार्ज करून ठेवते. मी एकदोनदा चिडलेही होते तिच्यावर. आत्ता त्या फोनवर ओटीपी आला. लॉक झालं.

दीपमाळ | ११:३४

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईंना नमस्कार सांगा.

यंत्रकार | ११:४०

आईंनी फार मोठं काम करून ठेवलंय. बंद पडलेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात. कुटुंबातल्या माणसाच्या जाण्यानंतर आपण सिम सोडून देतो, पण त्या नंबराला जोडलेलं बँक खातं, आधार, गॅस, पेन्शन तसंच राहतं. आधी सगळीकडे नंबर बदलायचा, मगच सिम सोडायचं.

घोडबंदरी | सोमवार, सकाळी ७:१०

मला वाटतं तुम्ही सगळे या ताईंना जास्त घाबरवताय. नुसत्या आधार क्रमांकानं कुणाचं काही बिघडत नाही. आपण हॉटेलात, क्लासला, भाड्याच्या घराला, सगळीकडे झेरॉक्सा वाटत फिरतो. त्या सगळ्या कुठे पडल्यात कुणाला माहीत? चेक थांबवले, विषय संपला.

रानवारा | ७:४८

घोडबंदरी, माझ्या चुलतभावाच्या बाबतीत विषय तिथे संपला नाही, सुरू झाला. त्याच्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्सवर कुणीतरी जीएसटी नोंदणी केली. कळलं कधी, तर रिटर्न भरताना आयकराच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात, अशी उलाढाल दिसली जी त्यानं जन्मात केली नव्हती. तो शाळेत शिक्षक आहे. ते नाव काढून टाकायला अर्ज, प्रतिज्ञापत्र, खेटे, सगळं मिळून वर्ष गेलं. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: तुमची कागदं चोरीला गेली याचा पुरावा काय? पुरावा नव्हता, कारण पाकीट गेलं तेव्हा त्यानंही 'गहाळ' असाच दाखला घेतला होता.

पारिजात, जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता पॅन टाकून शोधता येतं, त्या पॅनवर किती नोंदण्या आहेत ते दिसतं. आईंचं पॅन टाकून आज बघा, महिन्यानं पुन्हा बघा.

घोडबंदरी | ८:०५

हे मला माहीत नव्हतं. आत्ता माझं पॅन टाकून पाहिलं. काही नाही, पण बघताना छातीत धडधडलं. माझं वरचं म्हणणं मागे घेतो.

जुना_ठाणेकर | ८:३०

रानवारा यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी चाळीस वर्षं नौपाड्यात आहे आणि कोर्टात कारकुनी केली आहे, त्या अनुभवावर सांगतो.

गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवलं. चोरी म्हणजे कुणीतरी नेलं. काच फुटलेली असताना गहाळ कसं म्हणायचं? गहाळ दाखल्यावर डुप्लिकेट कार्ड मिळेल, पण उद्या आईच्या नावावर काही उभं राहिलं तर उपयोगाचा असतो तो चोरीचा गुन्हा आणि त्यातली तारीख. दाखला लगेच मिळतो म्हणून बहुतेक लोक तोच घेतात. त्यांची चूक म्हणत नाही मी, रात्रीच्या वेळी रडकुंडीला आलेलं माणूस आणखी काय करणार.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते आणि फिर्यादीला प्रत मोफत मिळते. नोंदवली नाही तर तीच तक्रार लेखी, टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, बेटा. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. कागदांची किंमत कोण लावणार? मग एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून पाठवतात. पिशवीत आणखी काय होतं, आठवून सांग.

पारिजात_ठाणे | ८:४४

काका, शाल आणि डबा. आणि... अहो, आईचं कानाचं मशीन! थेंब पडायला लागले म्हणून तिनं काढून डबीत घालून पिशवीत ठेवलं होतं. कागदांच्या नादात मला सुचलंच नाही. काल रात्री दोनदा मी विचारलं ते तिला ऐकू गेलं नाही, मला वाटलं धक्क्यानं गप्प झाली. मागच्या वर्षी चोवीस हजारांना घेतलं होतं, बिल घरात आहे.

जुना_ठाणेकर | ८:५०

बिल घेऊन जा. फुटलेल्या काचेचे फोटो, गाडी उभी होती तिथला फोटो, वेळ. आणि फाईलमधला प्रत्येक कागद नंबरासकट फिर्यादीत लिहून घे. पूर्ण आधार क्रमांक नको, शेवटचे चार आकडे पुरे. पॅन, चेकचे नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, ॲग्रीमेंटचा दस्त क्रमांक. 'इतर कागदपत्रे' असं मोघम लिहू देऊ नकोस. अकराला येणार असशील तर मी रिक्षानं येऊन थांबतो. एकटी जाऊ नको.

सीवूड्सची_सई | ९:१५

इथे नवी मुंबईत उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीतल्या माणसाला फसवतात. मार्चमध्ये मी पाम बीच रोडला जोडणाऱ्या सिग्नलला थांबले होते. बाईकवाला काच वाजवून म्हणाला, मॅडम, बोनेटखालून ऑइल गळतंय. मी बाजूला घेऊन उतरले, वाकून पाहिलं, खरंच काळे थेंब होते, त्यानंच टाकलेले. तेवढ्यात दुसऱ्यानं डावीकडचं दार उघडून लॅपटॉपची बॅग नेली. माझ्या मैत्रिणीला वाशीत 'तुमच्या दहाच्या नोटा पडल्यात' म्हणून उतरवलं होतं.

उतरायचंच झालं तर किल्ली काढून, सगळी दारं लॉक करून उतरायचं. आणि रिमोटचा आवाज ऐकून पाठ फिरवायची नाही, हँडल ओढून बघायचं. हे मी आता लेकीकडूनही करून घेते.

मेधा_नौपाडा | ९:४०

काचांना काळी फिल्म लावली तर आतलं दिसणार नाही, असं मला गॅरेजवाला म्हणाला.

स्पॅनर_वागळे | १०:०२

मेधाताई, लावू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच काचेवर वेगळी फिल्म चिकटवायला बंदी केली, पोलीस दंडही करतात आणि फिल्म उतरवायलाही लावतात. कंपनीतून येणाऱ्या काचेतूनही बाजूनं निदान ५० टक्के आणि पुढून-मागून ७० टक्के प्रकाश आत गेला पाहिजे असा नियम आहे.

माझं गॅरेज आहे, आठवड्याला एकतरी अशी गाडी येते. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये चिकट पापुद्रा, ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचा टफन केलेल्या, एका ठिकाणी फुटल्या की सगळ्याच दाणेदार होऊन खाली येतात, फारसा आवाजही होत नाही. म्हणून बाजूचीच काच फोडतात. आत पिशवी दिसली की मगच फोडतात, रिकाम्या सीटसाठी कुणी कष्ट घेत नाही. पार्किंगला पोचल्यावर सामान डिकीत टाकणंही चुकीचं, बघणारा बघतोच. निघतानाच डिकीत टाका.

विम्याचं: काच या भागावर घसारा कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. दाराच्या एका काचेसाठी बरेचदा खिशातून भरणं स्वस्त पडतं. हिशोब करून मग ठरवा. आणि गाडीतलं सामान, बॅग, मशीन, काहीही गाडीच्या विम्यात येत नाही. ताई, गाडी माझ्याकडे आणा, दाराचं पॅनेल उघडून आतले दाणे काढून देतो. न काढता नवी काच बसवली तर वरखाली करताना ओरखडे पडतात.

चकली | १०:२०

गाडीची कागदपत्रंही डॅशबोर्डमध्ये ठेवत होते मी! आरसी बुक, लायसन्स, सगळं. आज काढलं.

कोपरखैरणेकर | १०:२८

चकलीताई, गरजच नाही. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधलं लायसन्स-आरसी वाहतूक पोलिसांना चालतं, २०१८ मध्ये नियमच बदलला. फक्त कागदाचा फोटो काढून ठेवलेला चालत नाही, ॲपमध्ये खात्याकडून आलेलं असावं लागतं.

दीपमाळ | ११:०५

झेरॉक्सबद्दल थोडं. मी पोस्टातून निवृत्त झाले. आम्ही लोकांना सांगायचो, झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त अमुक कामासाठी', तारीख आणि सही, तीही छापील मजकुरावरून जाईल अशी. कोपऱ्यात लिहिलं तर कोपरा झाकून पुन्हा झेरॉक्स निघते. आधारची शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मिळते, 'मास्क्ड' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी ती चालते. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरूच्या कार्यालयानं हेच सांगणारं पत्रक काढलं आणि दोन दिवसांत मागे घेतलं, तेव्हा लोकांचा उगाच गोंधळ झाला. पत्रक मागे गेलं, पण सवय चांगलीच आहे.

आणि झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवरून पीडीएफ पाठवून प्रिंट काढता ना? समोर उभं राहून ती त्यांच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकायला लावा. संकोच करू नका.

पारिजात_ठाणे | मंगळवार, सकाळी ९:३०

काल अकरा ते अडीच पोलीस ठाण्यात होते. काका खरंच आले, सोबत पाण्याची बाटली आणि आईसाठी दोन केळी घेऊन. मशीनचं बिल दाखवल्यावर आणि काकांनी शांतपणे 'साहेब, काच फुटली आहे, गहाळ कसं लिहायचं' एवढंच विचारल्यावर फिर्याद लिहून घेतली. ड्युटीवरच्या ताईंनी कागदांची यादी माझ्याबरोबर दोनदा वाचली. प्रत मिळाली.

बँकेत अर्ज दिला. आधारवरून पैसे काढायची सोयही आईच्या खात्यावर बंद करून घेतली. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आईच्या नावावरचे मोबाईल नंबर पाहिले, एकच आहे. जीएसटी पाहिलं, काही नाही. सिबिलचा, म्हणजे कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढला, कोरा आहे. मायआधारवर बाबांच्या मृत्यूची नोंदही केली. ते बटण दाबायला मात्र मला वेळ लागला.

रानवारा | १०:१०

शाब्बास. सिबिलसारख्या एकूण चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एकेकीचा काढा, वर्षभर लक्ष राहतं.

मेधा_नौपाडा | १०:३५

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन केला का?

यंत्रकार | १०:४१

तो पैसे गेल्यावर करायचा. गेले असतील तर मात्र एक मिनिट न थांबता, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात.

घोडबंदरी | १२:१५

एक व्यवहारातली अडचण. मी कालच माझ्या सासूबाईंचं बायोमेट्रिक लॉक केलं, आज रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लागेना. दुकानदार चार वेळा पुसून लावायला सांगत होता, त्या घाबरल्या. ॲपमधून तात्पुरतं उघडता येतं, थोड्या वेळानं आपोआप पुन्हा लॉक होतं. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांचं लॉक केलंय त्यांनी रेशनला जाताना सोबत जा.

जुना_ठाणेकर | १२:४०

शेअर सर्टिफिकेटसाठी सोसायटीला डुप्लिकेट प्रतीचा अर्ज दे, सोबत गुन्ह्याची प्रत आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. वर्तमानपत्रात नोटीसही मागतील. ॲग्रीमेंटची साक्षांकित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष हातात असलं की काम सोपं.

पारिजात_ठाणे | शुक्रवार, सायंकाळी ७:५०

फाईल मिळाली.

आज दुपारी देवघराच्या खणातला फोन वाजला. बाबांचा. आईला नव्या मशीननं ऐकू आलं, तिनंच उचलला. येऊरच्या रस्त्याला कागद-काच वेचणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांना झुडपात निळी फाईल दिसली. वाचता येत नाही म्हणून त्यांनी चहाच्या टपरीवाल्याला दाखवली. फाईलवर बाबांनी स्केचपेननं मोठ्या अक्षरात आपलं नाव आणि नंबर लिहिला होता. प्रत्येक फाईलवर लिहायचे.

ॲग्रीमेंट भिजून फुगलंय, पण पानं सगळी आहेत, ठशांची सुद्धा. शेअर सर्टिफिकेट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये होतं, कोरडं. आधार, पॅन आणि चेकबुक नाही. पासबुक आहे. आई मावशींना सोडेचना, शेवटी घरी आणून जेवायला वाढलं.

चकली | ७:५६

देव पावला! मग आता गुन्हा मागे घेणार का?

पारिजात_ठाणे | ८:२०

नाही. जे कागद नेमके काढून घेतले तेच वापरले जाणार. काकांना विचारून उद्या पुरवणी जबाब द्यायला जातेय, काय मिळालं आणि काय नाही त्याचा. आधारच्या हिस्टरीत आजपर्यंत नवीन काही नाही, रोज रात्री बघतेय.

आणि यंत्रकार, बाबांचं सिम आईच्या नावावर करायचा अर्ज आज दिला. मृत्यू दाखल्याची भिजलेली प्रत त्यांनी घेतली नाही, महापालिकेतून नवीन काढावी लागली. नंबर तोच राहणार आहे.